जहाजावरून काढलेली धार

मी शाळेत होते तेव्हा आमचं घर म्हणजे पणदऱ्याच्या शिवारात, दुसऱ्याच्या रानाच्या कडेला उभी केलेली एक पत्र्याची खोली. निम्म्या खोलीत आम्ही आणि निम्म्या खोलीत म्हैस. मध्ये गोणपाटाचा पडदा. अण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या उसात खुरपायला, पाणी धरायला जायचे. काम असेल तेव्हा असायचं, नसेल तेव्हा नसायचं. म्हैस मात्र रोज असायची. घर तिच्यावर चालायचं. ती आटली की चहा कोरा, आणि ती बिथरली की माझी नवी वही पुढच्या आठवड्यावर.

आणि ती बिथरायचीच. तिचं रेडकू जन्मल्यावर लगेच मेलं होतं. तेव्हापासून आई कासेखाली बसली तरच ती पान्हा सोडायची. अण्णा बसले की लाथ. शेजारच्या काकू बसल्या की लाथ आणि वर शेपटीचा तडाखा. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आई गोठ्यात हवीच. माझ्या मावशीचं लग्न भवानीनगरला होतं, तासाभराच्या वाटेवर. आई सकाळची धार काढून गेली, अक्षता टाकल्या, दोन घास खाल्ले आणि संध्याकाळच्या धारेला घरी हजर. सख्ख्या बहिणीची पाठवणी तिने पाहिली नाही. माझ्या आईने लग्न होऊन आल्यापासून एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. लोक गरिबी म्हटलं की उपास सांगतात. आमच्या घरची गरिबी मला विचाराल तर ती ही होती: आईला कुठे जाता येत नव्हतं.

चुलीमागच्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून वारा यायचा आणि जाळ विझायचा. खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरचं एक पान आईने तिथे खळीने चिकटवलं होतं. त्यावर एक युद्धनौका होती. करड्या रंगाची, पुढे तोफ, खाली निळंशार पाणी. भाकरी थापता थापता आई त्या जहाजाकडे बघायची. एकदा तिने मला विचारलं, "ह्येच्यावर माणसं ऱ्हात्यात का गं?"

"राहतात. सहा-सहा महिने राहतात."

आईचा हात परातीत थांबला. "सा म्हयनं? मग त्यांची गुरं कोण बघतं?"

माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

पुढे मी बारामतीला कॉलेजात गेले. एसटीने जाऊन-येऊन बीएस्सी केलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामाला लागले. धाकट्या भावाने पंप दुरुस्तीचं काम धरलं. हळूहळू जागा झाली, पक्कं घर झालं, गोठा वेगळा झाला. दोन गाई आल्या, मशीनवर दूध देणाऱ्या. मशीन लावलं की गाई डोळे मिटून रवंथ करतात, कोण आलं कोण गेलं त्यांना काही देणंघेणं नाही.

पण एक म्हैसही आहे. त्या जुन्या म्हशीची नात. आईने ती विकू दिली नाही. रूप आजीचं आणि स्वभावही आजीचा. गेल्या वर्षी हिचंही रेडकू गेलं आणि हिनेही आजीचाच नियम सुरू केला. आई, नाहीतर लाथ.

म्हणून मी जेव्हा म्हटलं, "आई, आपण खरं जहाज बघायला जाऊ," तेव्हा आईने पहिल्यांदा गोठ्याकडेच बघितलं.

पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका उभी आहे. तिचंच संग्रहालय केलंय. वर तोफा आणि नाविकांच्या खोल्या, आणि जिथे पूर्वी हेलिकॉप्टर ठेवायचे तिथे अंतराळाचं दालन. आमच्या कारखान्यातला एक सहकारी जाऊन आला होता. त्याने फोटो दाखवले आणि मला ते कॅलेंडरचं पान आठवलं. दौंडहून गाडी. जाताना एक रात्र गाडीत, एक रात्र लॉजवर, येताना पुन्हा एक रात्र गाडीत.

"तीन रात्री?" आई म्हणाली. "येडी का खुळी तू?"

अण्णा खाटेवरून म्हणाले, "जा की. म्या काढतो धार."

"तुमी?"

"मग काय. सरकी पेंड घालतो आदुलीभर. खात बसंल, तवर काढतो."

निघायच्या दिवशी आईने संध्याकाळची धार लवकर काढली. आणि धारेला बसताना ती जे जुनं पातळ नेसते, शेणा-दुधाचा वास मारणारं, ते न धुता गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

"ह्ये ऱ्हाऊ द्या हितं. अडलं तर अंगावर घ्या आन् बसा. वासावर फसंल ती."

आमच्याकडे ही युक्ती नवी नाही. बाळंतिणीच्या घरात, आजारपणात गडी माणसं बायकोचं लुगडं गुंडाळून धारेला बसतात. फक्त ते कुणी कबूल करत नाही.

अण्णा ताडकन उठले. "म्या पातळ नेसू? तात्याच्या दारातनं दिसतंय आपला गोठा. जलमभर हसंल त्यो."

"बरं बाई, नका नेसू," आई म्हणाली, आणि पिशवी उचलली.

गाडीत आई खिडकीशी बसून राहिली. झोपली नाही, पण खूश होती. सकाळी अण्णांचा फोन आला. "दिली, दिली. जरा कमी दिली." आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "जरा म्हंजे पेलाभर."

संध्याकाळी आम्ही लॉजवर पोचलो आणि खरी बातमी आली. म्हशीने बादली उडवली होती. पेंड सगळी खाल्ली, दूध थेंबभर नाही.

आई कॉटवर बसली ती उठलीच नाही. "कास भरली असंल गं. उद्या सकाळी न्हाय दिलं तर कास सुजून दगडी हुईल तिला. चांगली म्हस वाया जाईल." मग पिशवीची चेन लावत म्हणाली, "माझं जहाज झालं बघून. सकाळची गाडी बघ."

सकाळची गाडी नव्हती. दुपारची होती. तोवर काय करायचं, तर समोरच बंदर. मी आईला जवळजवळ ओढतच नेलं.

जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा आई रस्त्यातच थांबली. एवढं मोठं तिने कधी काही पाहिलं नव्हतं. साखर कारखान्याची चिमणी उंच असते, पण ती एका जागी असते. हे लोखंडाचं गाव पाण्यावर उभं होतं आणि हळूच हलत होतं.

"आपल्या पत्र्यावरचं ह्यापेक्षा बारीक हुतं," ती म्हणाली.

आत शिरलो आणि फोनची रेंज गेली. चारी बाजूंनी पोलाद. आई दर दोन मिनिटांनी विचारायची, "आला का फोन?" मी म्हणायचे, "इथे येणार नाही." ती नाराज व्हायची, पण पाय पुढे चालत होते. दाखवणारे गृहस्थ स्वतः नौदलात आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत, हिंदी भाषा. त्यांनी आम्हाला खाली नाविक झोपायचे ती जागा दाखवली. एकावर एक तीन फळ्या, मध्ये हातभर अंतर.

आईने खालच्या फळीवर हात फिरवला. मग इतकी वर्षं चुलीपुढे अडकून राहिलेला प्रश्न तिने थेट त्यांनाच विचारला, आपल्या हिंदीत. "तुम्हारा जनावर घरपे कौन देखता था?"

ते गृहस्थ मोठ्याने हसले. म्हणाले, "माझी बायको. दोन म्हशी होत्या आमच्या. मी समुद्रात, ती गोठ्यात. आजवर कुणी मला हे विचारलं नव्हतं."

"तिला आणली का कधी हितं?"

"एकदा आणली. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं, तरी तिला ओकारी आली. म्हणाली, माझा गोठा बरा."

आई खुदकन हसली. कालपासून पहिल्यांदा.

मग अंतराळाचं दालन. एका बाजूला रॉकेटचा नमुना, छताला टांगलेली नारिंगी पॅराशूट, मध्ये घंटेच्या आकाराची, माणसांना घेऊन परत येणारी कुपी. ती समुद्रात पडते आणि मग अशीच जहाजं जाऊन तिला उचलतात, असं त्यांनी समजावलं. आणि काचेच्या कपाटात अंतराळवीराचा पोशाख. पांढरा, फुगलेला, डोक्यावर गोल काच.

"ह्यो गडी का बाई?" आईने विचारलं.

"दोघंही घालतात, आई."

"आन् ह्येच्यात लघवीला लागलं तर?"

मी इकडेतिकडे बघितलं. मागे दहा-बारा माणसं उभी होती. पण गृहस्थांना प्रश्न कळला होता. त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की आत लहान मुलांना बांधतात तसं लंगोटासारखं बांधलेलं असतं. तासन् तास पोशाख काढता येत नाही, मग दुसरा उपाय काय?

आई काचेसमोर उभीच राहिली. पोशाखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे एवढा शिकलेला माणूस, आन् लंगोट बांधून बसतुया?"

"हो."

"मला वर ने."

"कुठे?"

"जितं फोन लागतुय तितं. चल."

उभ्या लोखंडी शिड्या. माझी आई साडीचा काचा मारून त्या शिड्या अशी चढली की मी मागे राहिले. वर डेकवर उघडं आभाळ, तोफ, वारा, आणि फोनवर रेंजच्या दोन दांड्या. मी व्हिडिओ कॉल लावला. अण्णांचा घामाघूम चेहरा दिसला, मागे गोठा.

"न्हाय देत," अण्णा म्हणाले. "सकाळधरनं चारदा बसलो. कास टणक झालीय. डॉक्टरला बोलवू का?"

"पातळ कुठंय?"

"खुंटीला. त्ये सोडून बोल."

"आवं ऐका. हितं अंतराळात जाणाऱ्या माणसाची कापडं ठिवल्यात. मोठी मोठी शिकलेली माणसं. जगात नाव त्यांचं. त्ये काय घालून बसत्यात ठावं हाय का? लंगोट. बारक्या पोराचा लंगोट! कामासाठी त्यांना लाज न्हाय वाटत, आन् तुमाला बायकूचं पातळ घ्यायला लाज वाटतीय व्हय?"

अण्णांनी विचारलं, "खरं सांगतीस?"

"पोरगीला इचारा. ती बीएस्सी हाय."

पदवीचा असा उपयोग होईल असं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "खरंय अण्णा. आत्ताच बघून आलो."

फोन दावणीच्या खुंट्याला टेकवला गेला. पडद्यावर आधी नुसता म्हशीचा मागचा पाय. मग अण्णा आले. धोतरावर ते पातळ गुंडाळलेलं, पदर डोक्यावरून, आणि पदराखालून मिशा. आईने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं. मला हसू आवरेना म्हणून मी तोफेकडे तोंड करून उभी राहिले.

"डावीकडनं बसा. पदर नाकापुढं जाऊ द्या तिच्या. बोलू नका तुमी, आवाज वळखंल." मग आईने फोन तोंडाजवळ धरला आणि तिचा धारेचा आवाज काढला. "ये गं माजी बाय… सोड गं… हं… हं…"

डेकवरची माणसं थांबली. ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थही वर आले होते. त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं होतं. दोन म्हशींचा संसार होता त्यांचा.

म्हशीने मान वळवली. पदर हुंगला. शेपटी एकदा उडाली आणि खाली आली. आणि मग फोनमधून तो आवाज आला, रिकाम्या बादलीच्या तळावर पहिल्या धारेचा. चुर्र. मग दुसरी. मग दोन्ही हातांची लय.

"सोडला!" आई ओरडली, आणि डेकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. निम्म्यांना कशाला टाळ्या वाजवतोय हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात तिकडून तात्यांचा आवाज आला, शेजारच्या दारातून. "कोण बसलंय धारंला? वैनी आल्या व्हय गावावनं?" मग जरा थांबून, "आरारारा! वैनी, मिशा कवा ठिवल्या?"

"हसा तात्या, हसा," अण्णा धार न थांबवता म्हणाले. "अंतराळात जाणारं लंगोट बांधत्यात, तुमाला म्हाईत तरी हाय का?"

आईने फोन माझ्या हातात दिला. पदराने तोंड पुसलं. आणि म्हणाली, "चल. आता पयल्यापासनं दाव. मगाशी माझं ध्यानच नव्हतं."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं. स्वयंपाकघरातल्या, आपल्या गावजेवणाच्या असतात तेवढ्या पातेल्यांवर तिने टिचकी मारून बघितली. कुपीत वाकून पाहिलं. कप्तानाच्या खुर्चीत बसायला परवानगी होती, तिथे बसली आणि समोरच्या काचेतून पाण्याकडे बघत राहिली. दुपारची गाडी आम्ही सोडून दिली. ठरलेल्या रात्रीच्याच गाडीने निघालो.

घरी आलो तेव्हा अण्णा गोठ्यात होते. पातळ खुंटीला नव्हतं, धुऊन दोरीवर टाकलेलं होतं. आई त्यावरूनही बोललीच: "धुतलं कशाला? वास गेला की सगळा!" म्हशीची कास मऊ होती.

आईने जहाज पाहिलं. अण्णांनी धार काढली. माझ्या आईने तीन रात्री घराबाहेर काढल्या.