सोमवार धरता

परळच्या आमच्या चाळीत ‘दमा’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. दमा म्हाताऱ्यांना होतो, आणि ज्या घरात तो असतो त्या घरातल्या मुलीला स्थळ येत नाही, ही दोन तत्त्वं चाळीत सर्वमान्य होती. त्यामुळे गिरणीच्या कार्डिंग खात्यात काम करणाऱ्या माझ्या मामांना दमा नव्हता. त्यांना सोमवार धरायचा.

कार्डिंग म्हणजे जिथे कापूस विंचरतात ते खातं. तिथली धूळ दिवसभर हवेतच असते. रविवारी गिरणी बंद, तेवढा एक दिवस छातीला मोकळा मिळे. सोमवारी पुन्हा धुळीत उभं राहिलं की दुपारपासून छाती आवळायची, श्वास अर्ध्यावर अडायचा, संध्याकाळी अंग तापायचं. मंगळवारी जरा कमी, बुधवारपर्यंत उतार. मामा मालवणीत म्हणत, ‘माका सोमवार धरता, बुधवारी सोडता.’ खात्यातले बाकीचेही असंच म्हणत. या दुखण्याची इतकी नेमकी माहिती असलेल्या माणसांनी ती आडवळणाने सांगण्याचा चंग बांधला होता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. मी एका दैनिकात वार्ताहर होतो आणि मामांकडेच राहत होतो. त्या सुमारास कापसाच्या धुळीचा कामगारांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो याचं संशोधन करायला गिरणीत डॉक्टरांचं एक पथक आलं. मॅनेजरने जाहीर केलं की ज्यांची छाती बिघडलेली आढळेल त्यांना कापड खात्यात हलवू. कापड खात्यात तयार कापडाच्या घड्या घालतात, तिथे धूळ नाही. मामांना तेच हवं होतं. सोमवारी जिना चढताना ते दोनदा बसत, आणि पायताणात खडा गेला असं सांगत.

मी बातमीसाठी गेलो होतो, म्हणून पुढचं मला प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. पथकाचे मुख्य डॉक्टर ठाकूरद्वारचे. कोटावर चळवळीचा बिल्ला. मराठी भाषकांचं एक राज्य झालं पाहिजे, याबद्दल ते तपासणीच्या आधी माझ्याशी बराच वेळ आणि चांगलं बोलले. मग मामांची पाळी आली.

‘तुला दमा आहे का?’

‘नाय, सायब.’ मामांनी हे इतक्या तातडीने सांगितलं की डॉक्टरांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

‘मग त्रास काय होतो?’

‘माका सोमवार धरता.’

डॉक्टरांचा चेहरा उजळला. ते स्वतः सोमवारचा उपास करत, हे त्यांनी मला गप्पांच्या ओघात सांगितलंच होतं. ‘तूही सोमवार धरतोस? कडक?’

‘कडक म्हंजे, मेल्यासारखा होता.’

‘आणि सोडतोस कधी? संध्याकाळी?’

‘नाय. बुधवारी सोडता.’

डॉक्टरांनी मदतनिसाकडे पाहिलं. ‘तीन दिवस निरंकार. आणि वर ही मेहनत. छातीत धडधडेल नाही तर काय होईल?’

मी म्हटलं, ‘डॉक्टर, ते उपासाचं बोलत नाहीत. सोमवार त्यांना धरतो. छाती धरते, असं म्हणायचंय.’

‘तुम्ही मध्ये बोलू नका,’ डॉक्टर म्हणाले. ‘जबाब माणसाच्या तोंडचा, जसाच्या तसा नोंदवायचा असतो. हे शास्त्र आहे, वर्तमानपत्र नव्हे.’

मग त्यांनी तो जसाच्या तसा नोंदवला. फक्त शुद्ध मराठीत आणला. त्यात ‘माका’ गेलं, आणि ‘माका’बरोबर आजार गेला. ‘सोमवार धरतो, बुधवारी सोडतो’ एवढं उरलं. मराठी भाषकांचं राज्य मागणाऱ्या माणसाला मराठी भाषकाचं एक वाक्य कळलं नाही, आणि न कळल्याची शंकाही आली नाही. मागून आलेल्यांनी तेच वाक्य म्हटलं. एवढी एकवाक्यता पाहून डॉक्टरांची खात्री पटली.

छाती कुणी ऐकली नाही असं नाही. पथक तपासणीला शनिवारी येत असे, कारण सोमवारी कामगार चिडचिडे असतात, नीट उत्तरं देत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. शनिवारी छात्या साफ वाजल्या.

निष्कर्ष असा निघाला की कार्डिंग खात्यातली अशक्तता उपासामुळे आहे. गिरणीने तो मनापासून स्वीकारला, कारण धुळीवर उपाय करण्यापेक्षा साबुदाणा भिजत घालणं सोपं होतं. कँटीनमध्ये दर सोमवारी खिचडी सुरू झाली. मी याची बातमी लिहून दिली. आमचे उपसंपादक म्हणाले, ‘आधी मुंबई मिळू दे रे, मग छातीचं बघू.’ बातमी पडून राहिली.

घरी मामी हसून बेजार. ‘उपास? ह्येंका सोमवारीसुद्धा बांगडो लागता.’ मामा हसले नाहीत. हसलं की त्यांना खोकला येत असे.

पुढच्या सोमवारी दुपारी ते खात्यातून निघाले आणि थेट मॅनेजरच्या दारात उभे राहिले. सोबत खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, होता, त्यानेच नंतर मला हे सांगितलं. चाळीतल्या चार माणसांसमोर मामांनी जो शब्द कधी काढला नसता, तो त्यांनी तिथे काढला.

‘सायब, माका दमो आसा. माका कापड खात्यात घेवा.’

मॅनेजरने पथकाचे कागद मागवले आणि मामांचा जबाब शोधला. ‘दमा आहे का, तर नाही, असं तूच सांगितलंयस. डॉक्टरांना सांगितलंस.’

‘तेवा लाज वाटली, सायब.’

‘तपासणी संपली. आता दमा कुठून आणलास?’

मामांना यावर उत्तर द्यायचं होतं, असं जॉबर म्हणाला, पण त्यांना श्वास पुरला नाही. मॅनेजरने कागद मिटले आणि त्यांना खिचडी खाऊन घ्यायला सांगितलं. मामा कार्डिंगमध्ये परत गेले.