दुपारी थंडी नसते

कॅनडातल्या थंडीत घरोघरी जाऊन गालिचे धुणाऱ्यांच्या व्हॅन गोठू नयेत याची जबाबदारी काही वर्षं माझ्यावर होती, आणि मी राहत होतो सिंगापूरला. बर्फाशी माझी ओळख इथल्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरच्या, सरबतापुरती. तरी वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात मला थंडीतला तज्ज्ञ समजत, कारण टीममध्ये डिसेंबरात महाबळेश्वरला राहून आलेला मी एकटाच होतो. वाईट हे की मीही स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो होतो.

सगळ्याच गोष्टींची ॲप्स निघत होती ते दिवस; आमच्या कंपनीने या गालिचेवाल्यांसाठी काढलं होतं. या लोकांच्या व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, पंप आणि पाणी तापवायचं यंत्र कायमचं बसवलेलं असतं. आतलं पाणी गोठलं की फुगतं आणि पंप तडकतो. म्हणून काम संपलं की पाणी काढून टाकायचं, नळ्यांतून न गोठणारं द्रावण फिरवायचं, आणि मध्ये कुठे गाडी उभी करायची झाली तर आत छोटा हीटर लावून ठेवायचा. एवढं करूनही व्हॅनमधलं तापमान चार अंशांखाली गेलं, तर तिथला सेन्सर मालकाच्या फोनवर इशारा पाठवणार. तो कधी पाठवायचा, हे ठरवणार मी.

सेन्सरची चाचणी मी सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेतली, फ्रीझरमध्ये, खवलेला नारळ आणि मटार यांच्या मधोमध. शनिवारी दुपारी बायको जरा आडवी झाली आणि माझा फोन तीनदा बोंबलला.

"अरे, निदान दुपारी तरी गप्प बसव त्याला," ती आतून म्हणाली.

मला ते एकदम पटलं. दुपारी कुणाची झोपमोड करू नये हे आमच्या पुण्याच्या घरात लहानपणापासून मनावर ठसवलेलं. शिवाय दुपारी थंडी असते कुठे? सकाळी कानटोपी, अकरा वाजता स्वेटर कमरेला, ही माझ्या माहितीतली थंडी. सोमवारी मी ॲपमध्ये एक ओळ घातली: तिथल्या घड्याळाप्रमाणे सकाळी दहा ते संध्याकाळी पाच इशारे बंद. ती लिहिली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ऑफिसचा एसी नेहमीसारखा हाडांत शिरत होता. खुर्चीवर कायम टांगलेला स्वेटर घालून, हात चोळत मी टाइप करत होतो. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही.

जानेवारीत एका छोट्या गावातल्या माणसाचा पंप तडकला. साठीचा माणूस, एकच व्हॅन, मदतीला कुणी नाही. सकाळी एका घरातले गालिचे धुऊन झाले, दुपारी बायकोला डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून त्याने हीटर लावून व्हॅन अंगणात उभी केली. हीटर मध्येच बंद पडला. बाहेर उणे बावीस होतं. सेन्सरने सगळं नोंदवलं आणि माझ्या ओळीने त्याचं तोंड दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या सकाळी, त्याच्या संध्याकाळी, कॉल झाला. आमचा मॅनेजर मूळचा मुंबईचा. त्याने आधीच मला मराठीत बजावलं होतं, "सिस्टिमची मर्यादा आहे म्हण. एवढंच."

तो माणूस चिडला नव्हता. त्याने फक्त विचारलं, "दुपारी थंडी नसते, हे कुणी ठरवलं?"

मॅनेजरने माझ्याकडे बघून मान हलवली. सिस्टिमची मर्यादा म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं ते, "मी."

"तुम्ही कुठे असता?"

"सिंगापूरला."

"मग बरोबर," तो म्हणाला. "ऊन असेल तिथे. ऊन इथेही होतं."

मला इतकी लाज वाटली की त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती ओळ काढायला मला दोन मिनिटं लागली. त्याचा नवा पंप यायला तीन आठवडे लागले. गावातल्या वृद्धाश्रमाचं काम, ज्यावर त्याचा हिवाळा निघायचा, तेवढ्यात दुसऱ्याकडे गेलं. घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी आपल्या फ्रीझरबद्दल बोलत होते रे."

तो आमचं ॲप सोडून देणार अशी माझी खात्री होती. मी सोडलं असतं.

पुढच्या डिसेंबरात एका सकाळी मी रात्रभरातल्या इशाऱ्यांची यादी बघत होतो. त्यात त्याची व्हॅन दिसली. तिथले दुपारचे एक पन्नास, तापमान तीन अंश, इशारा पोचला. इशारा मिळाल्यावर मालकाला खाली दोन शब्द लिहिता येत, पण सहसा कुणी लिहीत नसे. त्याने लिहिलं होतं, "हीटर पुन्हा लावला. पंप ठीक. ऊन छान पडलंय."

मी ते दोनतीनदा वाचलं. डोळे भरून आले होते, आणि शेजारच्याला मी एसीचं कारण सांगितलं.