दाजींचं टेंडर

१० एप्रिल १९८६. आमटीत घालायचा येसूर करायला घेतला होता. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे सगळं वेगवेगळं भाजून झालं होतं आणि कढईत मिरच्या पडल्या होत्या. नेमके त्याच वेळी आमचे दाजी लाखेची कांडी घेऊन दारात उभे राहिले आणि ठसकत म्हणाले, "मेहुणीबाई, तुझ्या चुलीतला इस्तू जरा सरकारी कामाला लागतो."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कायदा पाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण कायद्यानंच ज्यांच्याकडे येऊन "मी नीट चाललोय ना?" असं विचारून जावं, असा माणूस साऱ्या मराठवाड्यात हा एकच. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळे चांगल्या गोष्टीला त्यांच्याकडे एकच शब्द होता: बाकायदा. वरण चांगलं झालं तर बाकायदा, पाऊस वेळेवर आला तर बाकायदा, आणि गावात कुणी पिकल्या वयात, मुलंबाळं जवळ असताना गेलं, तर अंत्ययात्रेहून परत येऊन पाय धुता धुता म्हणायचे, "बाकायदा गेला."

नोकरी बाजार समितीत, हेडक्लार्कची. आमच्या गावचा मोंढा मोठा. कापूस, ज्वारी, तूर सगळं तिथं येतं. त्या मोंढ्यात कुणी मापात मारू नये, लिलावात लबाडी करू नये, म्हणून वर ही समिती. आणि समिती कायद्यात राहावी म्हणून तिच्या उरावर दाजी. कागद-शाईपासून निंबाच्या वाळक्या फांद्या तोडण्यापर्यंत समितीचं प्रत्येक काम त्यांनी टेंडर काढून दिलं. तीन तरी टेंडरं यायलाच पाहिजेत, प्रत्येक पाकिटावर लाख पाहिजे, आणि तीन वाजता पेटी बंद. इथपर्यंत ठीक होतं. पण दाजी संध्याकाळी घरी येताना हे सगळं बरोबर घेऊन यायचे.

भाजी घ्यायची तर तीन भाजीवाल्यांचे भाव आणायचे, ओट्यावर बसून ते ताडून बघायचे, आणि सगळ्यांत स्वस्त कोण ते ठरवून पिशवी घेऊन परत निघायचे. तोवर त्या माणसाची भाजी संपलेली असायची. दुसऱ्याकडून घ्यायची म्हटलं तर ते नियमात बसत नाही. त्यामुळे अक्कानं आयुष्यात जेवढं पिठलं रांधलं तेवढं एखाद्या आचाऱ्यानंही रांधलं नसेल. एकदा कैरीचं लोणचं अक्कानं घालावं की थोरल्या सुनेनं, याची त्यांनी बंद पाकिटं मागवली. सुनेनं बिचारीनं खरंच मसाल्याचं प्रमाण लिहून दिलं. अक्काच्या पाकिटात कागद नव्हताच, नुसतं खडे मीठ निघालं. "हे काय?" असं दाजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यो माझा दर. माझ्या बापाला एकच टेंडर आलं, तेच त्यानं पास केलं. म्हणून आज मी हितं हाय. तीन मागवले असते तर बरं झालं असतं!"

लेकीच्या लग्नात मात्र दाजींनी सासऱ्याची चूक टाळली. तीन स्थळं मागवली. उंची, शिक्षण, जमीन, घरात म्हशी किती, असा तक्ता माझ्याकडून टाईप करून घेतला. माझा टायपिंगचा क्लास आहे, म्हणून त्यांच्या घरातली सगळी उस्तवार माझ्या मशीनवर. तक्त्यात पहिला आला मानवतच्या आडत्याचा मुलगा. पोरीनं रडून सांगितलं की तिला तिसरा पसंत आहे, चुडाव्याचा. चुडाव्याच्या घरी म्हैस नव्हती. दाजी दोन दिवस जेवले नाहीत. खालचा नंबर घ्यायचा तर कारण लिहावं लागतं आणि 'पोरीला आवडला' हे कारण कुठल्याच परिपत्रकात नाही. शेवटी त्यांनीच शेरा घातला: "अर्जदार क्रमांक तीन स्थानिक परिस्थितीस अनुकूल." मग बाकायदा लग्न झालं. जावई अजूनही स्थानिक परिस्थितीला अनुकूलच आहे.

आता घड्याळाचं सांगते. समितीच्या भिंतीवर एक टोल्यांचं घड्याळ होतं आणि दाजींनी ते नोकरीला लागल्या लागल्या पाच मिनिटं पुढं करून ठेवलेलं होतं. आडते आणि व्यापारी लिलावाला हटकून उशिरा येत. तोवर शेतकरी गाडी सोडून उन्हात उभा. म्हणून हा उपाय. साऱ्या मोंढ्याला ठाऊक होतं की घड्याळ पुढं आहे, आणि सारा मोंढा त्यावरच चालायचा. टोला पडल्यावर कुणी बोली लावली तर दाजी ती बाद करत. आडते मनगटातली घड्याळं दाखवत, आकाशवाणीची साक्ष काढत, दाजी नुसते भिंतीकडे बोट करत.

असा माणूस रिटायर झाल्यावर काय करणार? दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोट-टोपी घालून ते पुन्हा मोंढ्यात गेले आणि समितीच्या आवारातल्या निंबाखाली खुर्ची टाकून बसले. समितीचे जुने तोलारी, चौकीदार, त्यांच्या मागं राहिलेल्या बायका, सगळ्यांच्या पेन्शनीचे कागद तिथं भरले जाऊ लागले. फुकट. पण बाकायदा. एक म्हातारा चौकीदार हयातीच्या दाखल्याला आला. म्हणाला, "सायेब, मी जित्ता हाव असं लिव्हा."

"कशावरून?"

"आता कशावरून म्हंजे? तुमच्याम्होरं उभा हाव की!"

"मी वळखतो रे तुला. पण मी आता रिटायर हाव. माझ्या वळखीला कानूनात किंमत न्हाई. दोन साक्षीदार आण." म्हातारा आपल्या जिवंतपणाचे साक्षीदार शोधायला मोंढाभर हिंडला आणि तिघं घेऊन आला. तिसरा जास्तीचा म्हणून दाजींनी परत पाठवला.

तर अशा या निंबाखालच्या कारभारावर त्या वर्षी गदा आली. झालं असं की समितीत भरती निघाली आणि प्रत्येक संचालकाला एकेक भाचा निघाला. चेअरमनच्या वाड्यापुढं भाच्यांची रांग लागली. चेअरमन कंटाळले. म्हणाले, भरतीचं काम बाहेरच्या माणसाला द्या, म्हणजे शिव्या त्याला बसतील. आणि देतोच आहोत तर पेन्शनीचंही देऊन टाका, आवारातली ती म्हाताऱ्यांची जत्रा तरी हलेल. काढा टेंडर.

दाजींनी ठरवलं, आपण भरायचं. अक्का त्याच दिवशी माझ्याकडे आली. "हे बघ," म्हणाली, "त्ये काम दुसऱ्याला गेलं तर निंबाखालची खुर्ची उठली. खुर्ची उठली की ह्यो माणूस दिवसभर घरात. माझ्या डब्याडुब्यांची टेंडरं काढंल. काय बी कर, पण त्येचं टेंडर पास व्हाय पायजे." आणि जाता जाता उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाली, "आन् घरात बसला तर टिकायचा न्हाई गं त्यो."

म्हणून मी ते टेंडर अगदी मन लावून टाईप केलं. आणि म्हणून १० एप्रिलला माझ्या चुलीवर एका बाजूला मिरच्या आणि एका बाजूला लाख वितळत होती. सीलबंद होईपर्यंत पाकिटाला येसुराचा असा काही वास लागला की जेवायच्या वेळी कुणी ते उघडलं असतं तर भाकरी मागितली असती.

निघताना म्हणाले, "तू बी चल. टेंडर उघडताना भरणाऱ्याचा एक प्रतिनिधी लागतो." मी पदर खोचला आणि निघाले. क्लासच्या पोरींना म्हटलं, मशीनवर बसा, मी एक माणूस पास करून येते.

समितीच्या व्हरांड्यात पेटी ठेवली होती. आमच्या आधी तिघांची पाकिटं पडली होती. आम्ही चांगले लवकर पोचलो होतो. मी म्हटलं, "दाजी, टाका ते एकदाचं." पण नाही. उराशी पाकीट धरून ते पेटीभोवती फिरून बघत राहिले. कुलूप ओढून पाहिलं, फट मोजून पाहिली, कारकुनाला म्हणाले, "पेटी भिंतीला चिकटवून ठिव. मागून हात जातो." कारकून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो "व्हय सायेब, व्हय सायेब" करत पेटी सरकवू लागला.

तेवढ्यात नांदेडच्या कंपनीचा माणूस एसटीतून उतरून पळत आला. सफारी सूट, घामाघूम, हातात जाडजूड पाकीट. तो ते पेटीत सोडणार एवढ्यात दाजी ओरडले, "थांबा! बिगर लाखेचं टाकायलाव? बाद हुईल की!"

तो माणूस रडकुंडीला आला. म्हणाला, लाख लागते हे आम्हाला माहीत नव्हतं.

"जाहिरात नीट वाचत जावा," दाजी म्हणाले, आणि स्वतःचं पाकीट काखेत मारून खाली उकिडवे बसले. चहावाल्याकडून काड्याची पेटी मागवली. खिशातून उरलेली लाखेची कांडी काढली आणि त्या परक्या माणसाच्या पाकिटावर, वाऱ्याला पाठीनं अडवत, एकेक ठिपका पाडायला लागले. मी मागून म्हणतेय, "दाजी, घड्याळ." ते म्हणतात, "निवू दे, जरा निवू दे. पातळ लाख उमटत न्हाई." शेवटी अंगठीनं ठसा उमटवला, फुंकर घातली, आणि त्या माणसाच्या हाती पाकीट देऊन म्हणाले, "टाका आता. बाकायदा."

त्यानं टाकलं आणि घड्याळात तीनचा पहिला टोला पडला.

दाजींचं पाकीट काखेतच होतं.

कारकून म्हणाला, "टाका सायेब, टाका. खरे तीन कुठं वाजलेत? आपलं घड्याळ पुढं हाय." मी म्हटलं, टाका. चेअरमन आतून बाहेर आले. त्यांना हे लफडं नकोच होतं. तेही म्हणाले, "टाका हो. त्ये घड्याळ तुमीच पुढं केलंय, तुमाला ठावं न्हाई का?" आणि खरं सांगते, तो सफारीतला माणूससुद्धा म्हणाला, "आमची काही हरकत नाही, काका."

दाजींनी एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग म्हणाले, "चेअरमनसाहेब, ह्या घड्याळावर मी तीस वर्षं लोकांच्या बोल्या बाद केल्या. आज माझ्यापुरते त्येचे काटे मागं घेऊ? माझी हरकत हाय. ह्ये टेंडर उशिरा आलं. लिहून घ्या."

स्वतःच्या टेंडरावर स्वतः हरकत घेणारा माणूस समितीनं आजवर पाहिला नव्हता. ती कशी लिहायची हे कारकुनाला येईना. तेही दाजींनीच सांगितलं. काम नांदेडला गेलं. माझ्या हातात तेवढं येसुराच्या वासाचं पाकीट आलं.

घरी येईपर्यंत दाजी तरंगत होते. अक्काला रस्त्यावरूनच हाक मारली, "अगं, काय टेंडर झालं म्हणून सांगू! चारी पाकिटं लाखेची! एक बी बाद न्हाई! बाकायदा!"

"आन् आपलं?"

"आपलं उशिरा आलं," ते म्हणाले, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसे. मग चहा प्यायले. बशी खाली ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर घातली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "मेहुणीबाई, तुझ्या क्लासाच्या दारात निंब हाय न्हाई का गं?" आणि लगेच, "पर त्ये कसं व्हईल? वशिल्यानं झाल्यासारखं व्हईल."

दाजींना जाऊन आता दोन वर्षं होतील. समितीनं घड्याळही बदललं. नवीन आहे ते बरोबर वेळ दाखवतं, आणि आडते पुन्हा उशिरा येतात. तो निंब मात्र माझ्या दारात आहे, आणि त्याच्याखाली सहा वर्षं जी खुर्ची होती तिच्या पायांचे चार खळगेही.

टेंडर हुकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी बाजारात गेले आणि लाखेच्या दोन कांड्या आणल्या. क्लासच्या दारावर टाईप केलेला कागद डकवला: निंबाखाली बसून पेन्शनरांची अडचण सोडवण्यासाठी बंद पाकिटात टेंडरं मागवण्यात येत आहेत, मुदत दुपारी तीनपर्यंत, मोबदला दोन वेळचा चहा. तीन टेंडरं लागतात म्हणून एक अक्काकडून घेतलं, तिनं चार वेळचा चहा मागितला. एक शेजारच्या शिंप्याकडून घेतलं, त्यानं चहाबरोबर भजी मागितली. तिसरं दाजींचं यायचं होतं. मग स्टुलावर चढले आणि क्लासचं घड्याळ चांगलं अर्धा तास मागं केलं. कायदा दाजींचा असेल. घड्याळ माझं होतं.