आत्याची पापणी आणि स्वस्तातला फ्लॅश

अन्याय झाला आहे तो माझ्या सुमनआत्यावर. गेल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, रत्नागिरीत, आमच्या समाजाच्या हॉलमध्ये, भरल्या पंगतीइतक्या साक्षीदारांसमोर. दोषी व्यक्तीचं नाव मी दडपणार नाही. दोषी मी आहे.

आधी पार्श्वभूमी (ती नसलेलं पत्रक मी आजवर काढलेलं नाही). सुमनआत्या तीस वर्षं बंदरावर मासळी विकते. तिच्या नजरेतून शिळा बांगडा सुटत नाही आणि फाटकी नोटही. पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, की डोळे मिटलेले! लग्नाच्या फोटोत अक्षता उडत होत्या, ते एक वेळ समजू शकतं. पण पुढे पुतणीच्या बारशात झोपलेली, दिराच्या वास्तुशांतीत झोपलेली. प्रत्येक फोटोत आमचे आतोबा बोटीच्या डोलकाठीसारखे ताठ, आणि शेजारी आत्या उभ्या उभ्या घोरत असल्यासारखी!

तिच्या लेकीचा, सायलीचा साखरपुडा ठरला, तेव्हा तिने मला बोलावलं.

"काय गो पुढारीणबाय, तुझ्याकडे मोठा कॅमेरा हाय ना?"

होता. आमच्या संघटनेने रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो काढायला घेतलेला. (खड्डे हा फोटोसाठी उत्तम विषय. हलत नाहीत, पापणी मिटत नाहीत, आणि पुढल्या वर्षी पुन्हा काढायला तिथेच असतात.)

"मग माझा एक फोटो काढ. विहीणबाईंना भेटताना. डोळे उघडे असलेला. एकच! गिऱ्हाईक मासा घेताना आधी डोळा बघतं. उद्या नातवंडं आल्बम बघतील नि म्हणतील, आजी शिळी होती!"

एका कष्टकरी स्त्रीची एक मागणी! माझ्या अंगात वीज संचारली. पण हॉलमध्ये उजेड कमी, त्यामुळे फ्लॅश हवा होता, आणि तो माझ्या खिशाला परवडणारा हवा होता.

दुकानदाराने दोन फ्लॅश समोर ठेवले.

"ताई, हा ऑटोमॅटिक. उजेड किती टाकायचा ते स्वतः ठरवतो. वापरलेला आहे म्हणून तुम्हाला परवडेल. आणि हा साधा. सगळं हाताने लावायचं. त्याच्याही निम्म्यात."

"म्हणजे गरिबाने हाताने राबायचं, आणि पैसेवाल्याचं आपोआप होणार?"

"मी फक्त फ्लॅश विकतो, ताई. पण एक ऐका, ऑटोमॅटिकवाला आधी..."

"आधी काय? आधी आम्हाला स्वस्तातलं गळ्यात मारा, हेच ना? माझ्या आत्याला दुय्यम उजेड चालणार नाही!"

त्याने ऑटोमॅटिक पिशवीत घातला.

आत्याच्या घरी पडवीत चाचणी घेतली. अकरा फोटो. आतोबांचे डोळे उघडे. सायलीचे उघडे. मधेच आलेल्या मांजराचे तर ट्रकच्या दिव्यांसारखे. आत्याचे अकराच्या अकरा वेळा बंद!

"आत्या, डोळे मिटू नको!"

"मी कुठे मिटतंय?"

"हे बघ, मिटलेत!"

"ते तुझा कॅमेरा मिटतो!"

आतोबा म्हणाले, "हिला चिमटा काढून बघू काय?" त्यांना आत पाठवण्यात आलं.

फसवणूक! मी तिथल्या तिथे कंपनीविरुद्ध निषेधाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं वाक्य जळजळीत उतरलं. दुसऱ्यात नेमका आरोप लिहायचा होता, आणि तो मला माहीत नव्हता! फ्लॅश तर चमकत होता. मग आत्याच्याच डोळ्यांवर त्याचा राग का?

त्या प्रश्नाने मला जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मागच्या दारी मासे साफ करत होती. सुरी उलटी चालवली, की खवले चहूकडे उडत होते, आणि प्रत्येक खवल्याला आत्याची पापणी टप्प मिटत होती. खवला नाकापर्यंत पोचायच्या आत! मी शेजारी बसले होते, तर माझ्या डोळ्यात दोन गेले.

"आत्या, तुला कसं गो कळतं?"

"काय कळतं?"

तिला पत्ताच नव्हता! तीस वर्षं खवले चुकवून तिची पापणी तिला न विचारता काम करायला शिकली होती.

मी डोळे धुतले, धावत जाऊन फ्लॅश आणला, आणि मोबाईलवर अगदी संथ गतीचा व्हिडिओ लावून तो उडवला. बघते तर काय, फ्लॅश एकदा नाही, दोनदा चमकत होता! आधी एक बारीक लुकलुक, मग मोठा लखलखाट. म्हणजे हा शहाणा आधी छोटा उजेड टाकून खोलीचा अंदाज घेत होता, आणि मग खरा उजेड टाकत होता. मधला वेळ इतका थोडा, की आपल्याला ती एकच चमक वाटते. आपली पापणी हलेपर्यंत फोटो निघून जातो. पण आत्याच्या पापणीला तो पहिला खवला वाटत होता!

मी दुकानात गेले.

"हेच सांगत होतो, ताई," दुकानदार म्हणाला. "ऑटोमॅटिकवाला आधी एक छोटी चमक टाकतो. साधा एकदाच चमकतो. तुम्ही ऐकून कुठे घेता?"

निम्म्या किमतीचा साधा फ्लॅश घेतला. पहिल्याच फोटोत आत्याचे डोळे टक्क उघडे! ताज्या सुरमईसारखे! आत्या कितीतरी वेळ तो बघत राहिली.

"ही मी?"

"तूच."

"बरी दिसतंय गो." मग एकदम, "पण हा नको! ह्याच्यात मी गाऊनवर हाय. साखरपुड्याला साडी नेसेन तेव्हाचा पायजे."

रविवारी हॉलमध्ये नवी अडचण उभी. फ्लॅश समोरून मारला, की माणसं सोललेल्या अंड्यासारखी चकाकतात. तो वर मारायचा, म्हणजे छतावरून मऊ उजेड खाली उतरतो. पण छत पांढरं हवं, आणि आमच्या हॉलवर गंजलेले पत्रे! मी हार मानते की काय? संघटनेचा फ्लेक्स आणला आणि स्टेजच्या वर उलटा बांधला. 'आमचा रस्ता कुठे गेला?' हे पत्र्याकडे, पांढरी पाठ पाहुण्यांकडे. उजेड असा उतरला, की वा!

नवऱ्यामुलाचे काका लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. माणूस चौकस. वर बघून म्हणाले, "ताई, हे काय बांधलंय?"

बस! त्यांनी विचारायला नको होतं. मी सांगितलं. फ्लेक्सपासून सुरुवात केली, दोन चमकांवर आले, खवल्यांवर आले, तिथून मासळीवाल्या बायकांच्या डोळ्यांची काळजी कोण घेणार यावर आले. माणसं जमली. एकाने टाळीही वाजवली (ती डास मारायला होती असं नंतर कळलं). मी हात उंचावला, आणि सायली किंचाळली,

"ताई, भेटतायत! काढ! काढ!"

वळून बघते, तर आत्या आणि विहीणबाई मिठीत! आत्याचं तोंड माझ्याकडे, काठपदराची साडी, डोळे हे एवढे उघडे! मी बटण दाबलं.

अंधार. फ्लॅश चमकलाच नाही! सेल वाचवण्यासाठी तो काही मिनिटं वापरला नाही तर आपोआप झोपतो. माझ्या भाषणात माणसं झोपलेली मी पुष्कळ पाहिली होती, पण यंत्र पहिल्यांदाच!

"पुन्हा भेटा!" मी ओरडले.

विहीणबाई भल्या, त्या पुन्हा भेटल्या. फ्लॅश जागा केला, चमकला, फोटो झकास आला. फक्त आत्या मला इतकी हसत होती, की तिचे डोळे मिटलेले!

घरी कॉम्प्युटरवर मी पहिला फोटो उजळत गेले, उजळत गेले. करड्या धुरळ्यात दोन ठिपके दिसले. आत्याचे डोळे. उघडे, आणि बहुधा भरलेले.

"आत्या, मी चुकले गो."

तिने दोन्ही फोटो पाहिले आणि हसण्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा लाव भिंतीवर. ह्याच्यात मी झोपलेली नाय. तुला हसतंय, ते कोणालाही कळेल."

तो आता दारासमोरच लागलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, आत्या कशाला एवढी हसली? आणि ती सांगते. सविस्तर!

तेव्हा वाचकहो, माझी एकच मागणी आहे, आणि ती आजच पूर्ण झाली पाहिजे. घरातला आल्बम काढा. ज्या बाईचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले आहेत ती शोधा. एकदाच चमकणारा स्वस्तातला फ्लॅश आणा, तिला आवडती साडी नेसू द्या, आणि फोटो काढा. आणि फोटो निघेपर्यंत, कृपा करून, मला कोणीही काहीही विचारू नका!