फाट्यावरचा थोरला भाऊ

रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला मला सात वर्षं लागली आणि ती लपवायला एक मिनिट. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लॅब केमिस्टची जागा निघाली होती. अर्जात शिक्षणापुढं मी एम.एस्सी.वर थांबलो आणि नंतरच्या सगळ्या वर्षांपुढं बिनधास्त लिहिलं, 'घरची शेती'.

हौस म्हणून नव्हे. डिग्री झाल्यावर मी कोल्हापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याच तासांचे पैसे, आणि तेही कॉलेजला आठवण झाली तर. दिवाळी, मे महिना, कुणाची जयंती, सगळ्या सुट्ट्यांचा मला संताप यायचा, कारण सुट्टी म्हणजे खिसा रिकामा. दोन कंपन्यांत मुलाखती दिल्या. दोन्हीकडं एकच पालुपद, "एवढे शिकलेले तुम्ही, इथं टिकणार नाही." अहो, गोचडीसारखा चिकटून बसेन, असं सांगूनही कुणाला पटलं नाही.

कारखान्याच्या मुख्य केमिस्टसाहेबांनी मुलाखतीत विचारलं, एवढी वर्षं शेतात काय केलं? म्हटलं, ऊस. आमच्या भागात हे उत्तर चुकत नाही. निवड झाली. सहा महिने बघणार आणि मग कायम करणार. 'कायम' हा शब्द ऐकून मला खरोखर रडू आलं.

वडिलांना मात्र हे लपवाछपवीचं काही बोललो नाही. सात वर्षं गावानं "पोरगं अजून शिकतंयच काय?" म्हणून त्यांना छळलं होतं. ती डिग्री आपणच गिळून टाकली, हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

आणि मी विसरलो आमच्या तरुण मंडळाला. पीएच.डी. झाली तेव्हा मंडळानं डिजिटल बोर्ड लावला नव्हता. "नुसत्या डिग्रीचं काय अभिनंदन करायचं? नोकरी लागू दे, मग लावू की," असं अध्यक्ष म्हणाले होते. आता नोकरी लागली आणि मंडळ शब्दाला जागलं. रुजू व्हायच्या सकाळी मोटारसायकलवरून निघालो, तर कारखान्याच्या फाट्यावर दहा फुटी मी! अंगात पदवीदानाचा झगा, पाठीमागं दोन वाघ, आणि खाली, 'आमचे लाडके दादा यांना पीएच.डी. मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटो वडिलांनी दिला होता.

प्रयोगशाळेत पाऊल टाकतो न टाकतो तोच साहेब म्हणाले, "फाट्यावरचं ते डॉक्टर तुम्हीच काय ओ?"

"न्हाय सायेब," मी म्हणालो. "थोरला भाऊ हाय. तोंडावळा सारखा हाय आमचा."

"करतोय काय?"

"कॉलेजात तासावर शिकवतोय."

साहेब हळहळले. "शिकून वाया गेलं बघा पोरगं. तुम्ही शेती धरली, बेस केलं." मला त्या भावाचा इतका कळवळा आला की त्याच्या बाजूनं भांडावंसं वाटलं. पण नोकरीचा पहिलाच दिवस होता.

दुपारी दारात वडील उभे. धुतलेली टोपी, हातात पेढ्यांचा डबा. मी पुढं धावेपर्यंत 'पोराच्या नोकरीचं पेढं' म्हणून त्यांनी डबा पुढं केला आणि साहेबांनी पेढा उचललासुद्धा.

"या पावणं," साहेब म्हणाले. "तुमच्या थोरल्याचा बोर्ड बघितला. हुशार दिसतंय की पोरगं. पण शेती धरलेला हा धाकटाच कामाला आला बघा."

मी एकुलता एक. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. माझी नोकरी त्या घडीला त्यांच्या जिभेवर होती.

"व्हय," वडील म्हणाले. "लई शिकला थोरला. सात वर्सं डोळं फोडून घेतलं त्यानं. पर न्हाय जमलं त्याचं. ह्यो धाकटा बरा, वेळंत शेतीला लागला."

मग त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. मी पेढा घेईपर्यंत ते दुसरीकडंच बघत होते.