भागूआत्याची पातेली

भागूआत्या गेल्याचं मला पनवेलला ऑफिसात कळलं. कुंभिवलीकडून टेंपो घेऊन आलेला आमच्या वस्तीतला पोरगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, चला. आत्या गेली." वाटेत तो सांगत होता, की काही त्रास झाला नाही, सकाळी चहा प्यायली, भिंतीला टेकून बसली ती बसलीच... मी हूं हूं करत होते आणि मनात भलतंच चाललं होतं. बाईवर एक खोटा आळ होता आणि तो तसाच अंगावर घेऊन ती गेली. महिना उलटला तरी तो सल जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

भागूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. वडील मुंबईला कामाला, तिथली खोली टीचभर, म्हणून मी शाळेसाठी तिच्याजवळ वाढले. ती भातशेतीवर मजुरीला जायची, पुढे मोहोपाड्याला कारखान्याच्या कॉलनीत धुणीभांडी करू लागली. तोंडाने फटकळ. लाड वगैरे तिला जमत नसत, पण ताटात माझ्या वाटचा मासा तिच्या वाटच्यापेक्षा नेहमी मोठा असे.

आमच्या वस्तीने छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली. गावाची मोठी भांडी लग्नकार्याला आम्हांला पूर्वीही मिळत नसत, दीक्षेनंतर मागायलाही कुणी गेलं नाही. घरटी वर्गणी काढून वस्तीने स्वतःची पितळी पातेली, पराती, झारे, हंडे घेतले. ते ठेवायचे कुठे? आत्याच्या घरात माणसं कमी, म्हणून तिच्याकडे. तेव्हापासून लग्न असो, नामकरण असो की मयत, माणूस तिच्या दारात यायचा. कल्हईवाला आला की ती त्याच्यासमोर फतकल मारून बसे आणि त्याला हैराण करून सोडी. पातेलं काळं परत आलं तर नेणाऱ्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेई. तिला सगळी वस्ती टरकून असायची.

पण भादव्यात ती कुणालाच ओरडत नसे. लावणी संपलेली, मजुरी बंद, नवं भात अजून शेतात हिरवं, जुनं कणगीतून संपलेलं. अशा दिवसांत दुपारी एखादी बाई यायची. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलायची आणि मग पदराशी चाळा करत म्हणायची, "आत्या, एक लहान पातेलं देतेस का गं? पाव्हणं येनार हायती." आत्या "बस" म्हणून आत जायची. पातेल्यात तळाला तांदूळ, वर झाकण, वरून फडकं. बाई ते डोक्यावर घेऊन निघायची. तांदूळ, उसनं, यातलं एक अक्षर दोघींपैकी कुणी काढत नसे. दोनेक दिवसांनी पातेलं घासून लख्ख परत यायचं. तांदूळ आत्याच्या स्वतःच्या मजुरीचे.

मी एकदा भाबडेपणाने विचारलं, "आत्या, त्यांच्याकडे कधीच पाहुणे दिसत नाहीत. मग पातेलं कशाला?" तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की आजही आठवतो. म्हणाली, "माणसाला मागाया कायतरी निमित लागतं. शानी झालीस तर हे भाईर बोलू नको." मी शहाणी झाले.

पुढे वस्तीतली पोरं शिकली, रसायनीला नोकरीला लागली, तरुण मंडळ निघालं. मंडळाचा चिटणीस वसंत. पोरगा सरळ, कामाचा, समाजमंदिर उभं राहिलं ते त्याच्याच धडपडीने. त्याच्या कानावर आलं, की भादव्यात कुणाकडे लग्न नाही की कार्य नाही, तरी समाजाची भांडी बाहेर जातात. त्याने सभा बोलावली. मी सुट्टीत घरी होते, बायकांत बसले होते. वसंत उभा राहिला आणि आदबीनेच म्हणाला, "आत्या, तुमच्यावर राग नाय. पन समाजाची भांडी कुनाकडं जात व्हती, ते सांगा. लोकं म्हनतात, तुमी ती भाड्यानं देता."

आत्याने एक नाव घेतलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. बायकांच्या रांगेत तशी पातेली नेलेल्या पाच-सहा जणी तरी होत्या, सगळ्यांच्या माना खाली. आत्याची नजर एकदा त्या रांगेवरून फिरली. "देत व्हते," एवढंच म्हणाली. "उद्या येऊन घेऊन जा." दुसऱ्या दिवशी भांडी समाजमंदिरात कुलपात गेली. मी घरी येऊन रडले, भांडले, म्हटलं मी सांगते सगळ्यांना. ती चूल फुंकत म्हणाली, "माजं नाव गेलं तर जाऊ दे. मी एकटी हाय. त्यांना पोरं हायती." पुढच्या भादव्यात तिने आपल्या घरातली पातेली द्यायला सुरुवात केली. एकदा मी गेले, तर डाळ लावायला घरात भांडं नव्हतं. आम्ही दोघींनी चटणीभाकरी खाल्ली आणि तिला मी त्यावरून पुष्कळ चिडवलं.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे मयतानंतरच्या कार्याला, वसंत बोलला. चांगलं बोलला. आत्यांचे हात वस्तीसाठी झिजले, असं म्हणाला. शेवटी म्हणाला, की मागे एक चूक त्यांच्या हातून झाली होती, पण समाजाने ती केव्हाच पोटात घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी बसून राहिले, कारण नावं सांगायचा हक्क माझा नव्हता.

परवा मी त्या बायकांपैकी एकीकडे गेले. आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. ओसरीवर सुनेने टाकलेल्या चटईवर बसली होती. म्हटलं, आत्यावर लिहिते आहे, तांदळाचं लिहू का? नाव कुणाचंच घालत नाही. ती म्हणाली, "सभेत मी व्हते गं. उठाया गेले, तर भागूनं डोळं वटारलं. पोरासमोर माजी लाज राखली तिनं... त्याच पोरासमोर." तिने चाचपडत माझा हात धरला.

"लिव. सोनाबाई लिव. पन नुसतं सोनाबाई नको, वस्तीत लय सोनाबाया हायती. वसंताची आय, असं लिव."