रिजेक्टेड म्हणजे काय

मी सर्वात जास्त ऋणी आहे तो लोणखेड्याच्या कॉलेजात आम्हाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांचा. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीधर नव्हतं. ब्राह्मणपुरीहून मी रोज एसटीने यायचो आणि मागच्या बाकावर बसायचो. सरांनी मला पुढे आणलं, आणि काळ्या पडद्यासमोर बसवलं.

काळा पडदा म्हणजे कमांड लाइन. तिथे बटणं नसतात, चित्रं नसतात. आपण हुकूम टाइप करायचा, कॉम्प्युटर इंग्रजीत उत्तर देतो. सरांनी गिट शिकवलं तेही त्यावरच. एकाच प्रोग्रॅमवर चौघे काम करत असले की प्रत्येकाचे बदल नीट जपून ठेवणारं ते साधन. आम्ही अडलो की सर मागे येऊन उभे राहायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "ते काय सांगी ऱ्हायनं, ते पहिले वाच."

आता मी शहाद्याला एका लहान सॉफ्टवेअर ऑफिसात काम करतो. गेल्या वर्षी तिथे एक मुलगी रुजू झाली. अक्राणीच्या डोंगरातली, घरी पावरी बोलणारी, आश्रमशाळेत शिकलेली. हुशार होती, पण काम फार सावकाश व्हायचं. आमच्या साहेबांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. ती चित्रांचं गिट मागायची, ज्यात बदल रेघांनी दिसतात आणि माउसने काम होतं. साहेबांनी त्यावर बंदी घातली होती. सायकल शिकायची तर आधाराची चाकं काढावी लागतात, असं ते हसत म्हणायचे. मीही हसायचो, कारण माझंही मत तेच होतं. त्यांनी तिला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं.

पहिल्याच दिवशी मी तिच्या शेजारी बसलो. तिने आपलं काम ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवायचा हुकूम दिला. उत्तरात 'रिजेक्टेड' आलं. खाली दोन-तीन ओळी होत्या, पण तिने त्या पाहिल्याच नाहीत. ती शांतपणे सगळं फोल्डर डिलीट करायला निघाली. मी तिचा हात थांबवला आणि हे काय चाललंय विचारलं.

"नामंजूर झालं ना, दादा. आता नव्याने भरायचं."

'भरायचं' म्हणजे काय, असं मी विचारलं. तिने सांगितलं. वसतिगृहाच्या आणि स्कॉलरशिपच्या अर्जावर हाच शब्द येऊन अर्ज परत यायचा. मग नवा फॉर्म, पहिल्या रकान्यापासून. इथेही तसंच असेल असं समजून ती झालेलं काम पुसायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा लिहायची. साहेबांना दिसणारा तिचा संथपणा म्हणजे हे दुप्पट काम होतं.

मी माझ्या कॉम्प्युटरवर चित्रांचं गिट बसवलं आणि तिचंच काम त्यात उघडलं. एका ठिपक्यातून दोन रेघा फुटलेल्या दिसल्या. एक तिची, एक माझी.

तिने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझं आहेच. तुमचं आणायचं राहिलंय फक्त."

तेच होतं. माझे आधी पोचलेले बदल तिने आपल्याकडे घेतले नव्हते, म्हणून सर्व्हरने तिचं काम तेवढ्यापुरतं अडवलं होतं. काळ्या पडद्यावरही तेच लिहिलेलं होतं, पण त्या एका शब्दाच्या पुढे ती जाऊ शकत नव्हती. मला वाटायचं, मला काळ्या पडद्याने घडवलं. त्या संध्याकाळी एसटीत लक्षात आलं की प्रत्येक इंग्रजी ओळ आधी सरांनी माझ्या अहिराणीत आणून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चित्र नसतं, तिथे ही काय करणार? त्यांचं खरं होतं. तिथे मी तिच्याबरोबर बसेन, असं मी सांगितलं. जबाबदारी माझ्यावर टाकून त्यांनी होकार दिला. महिना संपला तेव्हा मी सरांना पत्र लिहिलं.

*

आदरणीय सर,

आपली तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीबद्दल मी फोनवर सांगितलं होतं. तिला कायम केलं. ऑफिसात ती रेघांच्या चित्रावर काम करते आणि आमच्यातल्या कोणाहून मागे नाही. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर काळाच पडदा असतो, तिथे मी शेजारी बसतो आणि येईल ती ओळ मराठीत सांगतो. ती स्वतःशी पावरीत म्हणून बघते, मग टाइप करते.

सर, एक विचारायचं आहे. 'रिजेक्टेड' हा शब्द तुम्ही आम्हाला कसा सांगितला होता? खूप आठवून पाहिलं, आठवत नाही. त्या शब्दाची मला कधी भीती वाटली नाही, एवढंच आठवतं. पुढच्या महिन्यात तिच्या गावाकडची आणखी दोघं येणार आहेत. तुमचे शब्द मिळाले तर मी तसंच सांगेन.

आपला विद्यार्थी